राहण्यास अयोग्य

काचीगुडा, हैदराबाद
१२ मार्च १९५६

इंदुताई,

माझं सगळं बदललं ते परवा दुपारी, विधानसभेच्या गॅलरीत, नामदेवरावांच्या तोंडून माझं वाक्य बाहेर पडलं त्या क्षणी. नमस्कार शेवटी करतो, आधी हे ऐक.

नामदेवराव म्हणजे विरोधी बाकावरचे आमदार. मूळ परभणीकडचे. इथं सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानावर त्यांचं दोन खोल्यांचं दफ्तर आहे. त्यांची भाषणं आता मी लिहितो. अंदाजपत्रकावर बोलायला ते उठले तेव्हा निम्मं सभागृह चहाला गेलं होतं आणि उरलेलं पेंगत होतं. एक मंत्री कान कोरत होते. हे राज्यच आता मोडायचं ठरलंय, तेव्हा कोण कुठं जाणार आणि कोणाची खुर्ची टिकणार यातच सगळ्यांचा जीव. विरोधकाचं कोण ऐकतो? नामदेवराव घरांवर बोलले, मग दवाखान्यांवर, मग बसवर. नुसते आकडे. माझ्या शेजारचे एक म्हातारे वैतागून म्हणाले, "मियाँ, ये कब बैठते?" तेवढ्यात नामदेवरावांनी माझा कागद वर घेतला.

"अध्यक्ष महाराज, या सरकारचं घरांचं धोरण, आरोग्याचं धोरण आणि वाहतुकीचं धोरण, ही तिन्ही मी एकाच बाजेवर निजलेली पाहिली. त्या बाजेवर एक अडलेली बाई होती आणि ती बाज चार शेजाऱ्यांच्या खांद्यावर होती. सलीमबागेत घर आहे, पण बस नाही. बस नाही म्हणून बाज. दवाखान्याची पाटी आहे, आत कंपाउंडरसुद्धा नाही. पाटी बघून बाज परत फिरली. आई वाचली, मूल गेलं. ही घरं माणसांना राहण्यास अयोग्य आहेत!"

ताई, पेंगणारे जागे झाले. कान कोरणारा हात थांबला. शेजारचे म्हातारे म्हणाले, "वाह." ते नामदेवरावांना म्हणाले, पण पोचलं मला.

तुझ्या मामांनी, म्हणजे आमच्या आबांनी, कळवलं असेलच की मी कॉलेज सोडलं. सोडलं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात रोमन साम्राज्य का पडलं ते पाठ करत बसायचं आणि इथं आपलं राज्य डोळ्यांदेखत मोडतंय. आबा माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना आईला सांगतात, "साहेबांना विचार, आमटी वाढायची का."

आता तू म्हणशील, या पोराला घरं-दवाखाने-बस यांतलं काय कळतं? हिम्मतराव आठवतात? अबकारीतले, आमच्या मागच्या खोल्यांत भाड्यानं राहायचे. गेल्या दिवाळीत तू आली होतीस तेव्हा त्यांची वासंती दिवसभर तुझ्यामागं असायची. तू गेल्यावर महिन्याभरात त्यांना सलीमबागेत सरकारी घर मिळालं. मूसीपलीकडं, मलकपेटच्याही पुढं माळरानावर. वाहतूक धोरणावरचा माझा राग किती जुना आहे म्हणशील, तर वासंती तिकडं राहायला गेली त्या दिवसापासूनचा.

आणि हिम्मतरावांचं अजून ठरत नाही. मराठवाडा महाराष्ट्रात गेला की इथल्या मराठी नोकरदारांना तिकडं बोलावणार. ते म्हणतात, चांगलं घर मिळालंय, कशाला हलू? पण ती बाजेची गोष्ट झाल्यापासून त्यांचं मन डळमळलंय. सलीमबागेला बस आली, दवाखाना उघडला, की ते इथंच राहतील. म्हणजे वासंती इथंच राहील. बघ, माझं राजकारण किती सरळ आहे.

आता नमस्कार.

गोविंद

*

औरंगाबाद
२५ मार्च १९५६

चि. गोविंद,

तुझा उशिराचा नमस्कार पोचला. इकडून आशीर्वाद, तेही जरा हात राखूनच.

तुझं भाषण इथल्या वर्तमानपत्रातही आलं. रात्री जेवताना यांनी मोठ्यानं वाचलं. मी कढी वाढत होते, पळी तशीच हातात राहिली. हे म्हणाले, "नामदेवराव एवढं चांगलं कधीपासून बोलायला लागले?" मी म्हटलं, आमच्या मामाच्या घरात एक वाक्यांचा कारखाना निघालाय. वाक्य चांगलं आहे, गोविंदा. मास्तरीण म्हणून सांगते, माझ्या कुठल्या मुलीनं लिहिलं असतं तर दहापैकी आठ दिले असते.

आता दोन मार्क कुठं गेले ते सांगते. ती बाई भामावहिनी ना? वासंतीची आई? नाव घेतलं नाहीस हे कबूल. पण एवढ्याशा वसाहतीत माघात अडलेल्या बायका अशा किती होत्या? तुला हे सांगितलं कोणी, आणि ज्यानं सांगितलं त्याला विचारलं होतंस का की हे मी भर सभागृहात वाचायला देऊ म्हणून?

इथं सगळ्यांच्या तोंडी एकच: महाराष्ट्रात कधी जायचं. जसं काही जिल्हा उचलून हातगाडीवर घालणार आहेत. यांच्या कचेरीत उर्दू दप्तरं मराठीत उतरवायचं काम आलंय. उतरवणारे अर्धे मराठी वाचताना अडखळतात. हे घरी येतात आणि भिंतीला टेकून बसून राहतात. मुलींची परीक्षा, त्यात शाळेच्या विहिरीला पाणी नाही. तुझ्या कॉलेजविषयी मी बोलत नाही. मामा बोलले, मामी रडली, मी दोन पत्रं लिहून फाडली. पुरे.

तुला कोणी सांगितलं, याचं उत्तर मला दे. टाळू नकोस.

इंदुताई

*

काचीगुडा
१६ एप्रिल १९५६

ताई,

तू म्हणजे अगदी सरकारी बाकावर बसलेली आहेस. मी एक वसाहत हलवतोय आणि तू विचारतेस, परवानगी घेतली का!

सांगितलं वासंतीनंच. संक्रांतीनंतर बऱ्याच दिवसांनी ती सुलतान बाजारात परकराचं कापड घ्यायला आली होती. दुकानाच्या पायरीवर उभी राहून तिनं मला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं: भामाबाईंनी बाजेचा कठडा कसा घट्ट धरला होता, पाटीखाली बाज टेकवली तेव्हा कोण काय बोललं. बोलताना ती रडली. भर बाजारात. तेव्हाच मी ठरवलं की हे वाया जाऊ द्यायचं नाही. विचारायचं काय त्यात? अन्याय झालाय, अन्याय मांडला.

भाषण झाल्यापासून ती वाचनालयात आली नाही, एरवी आमची भेट तिथंच व्हायची. म्हणून मी परवा मलकपेटपर्यंत बसनं आणि पुढं चालत सलीमबागेला गेलो. डोक्यावर ऊन, दोन्ही बाजूंना बाभळी. वसाहतीच्या तोंडाशी यूसुफमियाँ भेटले. हिम्मतरावांचे शेजारी, कुठल्याशा दफ्तरात चपराशी आहेत. ते बाजेला खांदा देणाऱ्यांतले. त्यांनी मला मिठीच मारली. "नाप लेके गए, गोविंदसाब! दीवारां देखे, छत देखे. अब बस आतीच आती, देखो!" दोन अंमलदार येऊन भिंती मोजून गेले होते. भिंत मोजली की बस कशी येते ते मला कळलं नाही, पण त्यांचा आनंद मोडवेना.

हिम्मतरावांनी "या लीडर" म्हणून बसवलं. मग चहा ओतून घेताना म्हणाले, "तुमच्या नामदेवरावांना आमच्या घरचं इतकं बारीक कोण सांगतं, ते कळलं असतं तर बरं झालं असतं." मी म्हटलं, पक्षाची माणसं सगळीकडं असतात. त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे.

भामाबाई खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या. तू घाबरतेस तसं त्यांना काहीच वाटलेलं नाही. उलट मला म्हणतात, "चार नव्हते रे, सहा होते. दोघं बदलीला. आणि गंगू धोबीण अख्खी वाट माझा हात धरून चालली, तिचं नाव कोणीच नाही घेतलं." म्हणजे बघ, त्यांची तक्रार आहे ती कमी छापलं याची.

वासंती एक शब्द बोलली नाही. कप उचलून आत घेऊन गेली. माझा अर्धा भरलेला होता, तोसुद्धा. मला वाटतं, लाजली. मीच लिहिलंय हे तिनं ओळखलं असणार. अशा वेळी मुली काय बोलणार?

मंत्र्यांनी सभागृहात उत्तर दिलं: विरोधी सभासदांच्या म्हणण्याचा गांभीर्यानं विचार करू. नामदेवराव दफ्तरात येऊन चणे खात बसले आणि म्हणाले, "गांभीर्यानं म्हणाले. नेहमी नुसतंच विचार करू म्हणतात."

गोविंद

*

औरंगाबाद
४ मे १९५६

गोविंदा,

कार्डावर जास्त लिहीत नाही, आमचा पोस्टमन वाचतो आणि मग मलाच सल्ला देतो. एवढंच: ती लाजलेली नाही. तू लिहिलंस हे तिला तुझ्या तोंडानं सांग, हिम्मतरावांनाही सांग. आजच जा. ऊन असलं तरी जा.

इं.

*

काचीगुडा
२२ जुलै १९५६

ताई,

गेलो नाही. उद्या-परवा म्हणत राहिलो. आता जायला तोंड राहिलं नाही.

सलीमबागेत घरोघर नोटीस आली आहे. यूसुफमियाँ ती घेऊन नामदेवरावांच्या दफ्तराचा जिना चढून आले. त्यांना इंग्रजी येत नाही, मला म्हणाले, "पढो साब, बस का लिखे क्या?" मी वाचलं. सन्माननीय विरोधी सभासदांनी सभागृहात निदर्शनास आणल्याप्रमाणे सदर घरे माणसांना राहण्यास अयोग्य असल्याचे पाहणीत आढळले आहे. सबब राहणाऱ्यांनी ती दसऱ्यापूर्वी रिकामी करून द्यावीत. दुसरी घरं देण्याचा शब्द कुठंही नाही. बसचा नाही. दवाखान्याचा नाही.

मी दोनदा वाचलं. मग उर्दूत सांगितलं. यूसुफमियाँ म्हणाले, "पर हम तो रहतेच हैं ना उसमें?"

शहरात आता घर मिळायचं नाही. दिवाळीच्या सुमारास आंध्रची राजधानी कर्नूलहून इकडं हलणार, तिथली सगळी कचेरी यायची आहे, हजारो माणसं. मालकांनी आतापासून किराया वाढवलाय. आमच्या मागच्या खोल्याही आबांनी एका वकिलाला देऊन टाकल्यात.

मी नामदेवरावांना म्हटलं, सभागृहात प्रश्न विचारा. आपण बस मागितली होती, घरं काढून घ्या म्हटलं नव्हतं.

"काय म्हटलं होतं आपण?"

"राहण्यास अयोग्य."

"मग आता काय म्हणू? योग्य आहेत?"

मी तापलो. टेबलावर हात आपटला, दौत सांडली. म्हटलं, ही माणसं तुमच्या शब्दामुळं रस्त्यावर येताहेत. त्यांनी शांतपणे जुन्या पेपरानं शाई पुसली. मग बोलले ते तुला जसंच्या तसं लिहितो, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही.

"गोविंदा, मी सोळा वर्षं विरोधात बोलतोय. निजामाच्या वेळी बोललो तर तुरुंगात टाकायचे. म्हणजे ऐकत तरी होते. आता बोलतो तेव्हा चहाला जातात. सोळा वर्षांत सरकारनं माझं एक वाक्य ऐकलं, बाबा. एक. आणि तू म्हणतोस, तेवढंही परत घ्या."

मी म्हटलं, ते तुमचं नव्हतं, माझं होतं.

"मग तूच घे की परत," म्हणाले, आणि हसले. पण ते हसणं दमलेल्या माणसाचं होतं, ताई. मला त्यांचा धड रागही येईना. पुढं म्हणाले, "विचारू तरी कोणाला? दिवाळीला हे सभागृह नाही, हे मंत्री नाहीत, मी स्वतः इथला नाही. दिलेली आश्वासनं सभागृहाबरोबर मरतात. जा, जेवून घे."

हिम्मतरावांचं काय ठरलं, तुला काही कळलं का? इथं मला कोणी सांगत नाही.

गोविंद

*

औरंगाबाद
२० ऑगस्ट १९५६

गोविंदा,

मला कळलंय. मार्चपासून थोडं थोडं कळतंय, आणि मी तुझ्यापासून लपवलंय. आता लिहिते.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी वासंतीचं आलं होतं. दिवाळीत तिनं माझा पत्ता घेतला होता, अभ्यासाचं विचारायला म्हणून. त्यात अभ्यासाचं काही नव्हतं. लिहिलं होतं, "इंदुताई, मी त्यांना हकीकत सांगितली नव्हती. माझं दुसरं कोणी नव्हतं म्हणून मी त्यांच्यापाशी रडले होते. आता नळावर बायका मला बाजेचं विचारतात, आणि मी हो म्हणते." तुला सांगू नका असंही लिहिलं होतं. म्हणून मी तुला प्रश्न विचारत राहिले. वाटलं, तुझं तुला उमजेल. मुलींना गणित असंच शिकवते मी, उत्तर सांगत नाही. पण तू गणित नाहीस. मी सरळ सांगायला हवं होतं.

हिम्मतरावांना तिनं कधीच सांगितलं नाही. ते अजून समजतात, पक्षाचा कुठला तरी माणूस.

नोटीस आल्यावर त्यांनी इकडं यायचं लिहून दिलं. दुसरं काय करणार? यांनी आमच्याच गल्लीत त्यांच्यासाठी दोन खोल्या बघितल्यात. मी मागं लागले म्हणून बघितल्या. स्वयंपाकघरात उजेड नाही, पण विहीर जवळ आहे आणि सरकारी दवाखाना हाकेवर. दसऱ्याच्या आधी येतील.

तू रागावशील. रागाव. तो राग निम्मा माझ्यावर ठेव, तुझ्या एकट्यावर फार होईल.

आणखी एक, लिहू की नको असं करत शेवटी लिहिते. तिचा तुझ्यावर जीव होता. होता म्हणते, कारण आता आहे की नाही ते तिनं लिहिलेलं नाही, आणि मी विचारलं नाही. पण तुझं नाव ती कधी लिहीत नाही, "ते" लिहिते. ते तुझ्या कामाचं असेल तर घे.

यांची तब्येत बरी नसते. नवं राज्य येणार म्हणून कोणाला आनंद झालेला मला तरी दिसला नाही. सगळे नुसते दमलेत.

इंदुताई

*

काचीगुडा
२० नोव्हेंबर १९५६

इंदुताई,

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही. आधी राग होता. मग राग धरून बसायचाही कंटाळा आला.

वासंती आता तुझ्याच गल्लीत आहे, तिची हकीकत तुला मी काय सांगणार? इस्टेशनवरचं तेवढं सांगतो, ते ती सांगायची नाही. मनमाडची गाडी काचीगुड्याहूनच सुटते, आमच्या घरापासून हाकेवर. तरी मी गाडी सुटायच्या बेतात पोचलो. आधी कोपऱ्यावर उभा होतो. हिम्मतराव ट्रंका मोजत होते. त्यांना मी सांगितलं, ते भाषण मी लिहिलं होतं. ते म्हणाले, "बरं." नंतर पुन्हा ट्रंका मोजायला लागले, पहिल्यापासून. भामाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या गालावरून फिरवला आणि म्हणाल्या, "वाळलास रे. जेवत जा." मला तिथून पळून जावंसं वाटलं.

वासंतीला मी म्हटलं, माझी चूक झाली.

ती म्हणाली, "चूक कुठली? वाक्य छान होतं. बाबांनी दोनदा वाचून दाखवलं आम्हाला." खिडकीतल्या आईकडं पाहिलं. "आईचं तसं छान नव्हतं झालं."

मग गाडी हलली.

नवं राज्य आलं, दिवाळी आली, फटाके कशाचे वाजले ते कळलं नाही. त्यानंतर आठवड्याभरात सलीमबागेची बस सुरू झाली. मी बसलो तिच्यात. बाभळी तोडून रस्ता रुंद केलाय. दवाखान्याच्या पाटीखाली कंपाउंडर खुर्ची टाकून बसला होता, पुढं चार-पाच माणसांची रांग. घरांना चुना काढलाय. मी भाषणात मागितलं होतं ते सगळं आलंय, ताई, एकूण एक. फक्त राहणारी माणसं कर्नूलची आहेत.

हिम्मतरावांच्या घरापुढं जाऊन उभा राहिलो. चुन्याखालून ओल पुन्हा वर आली होती, बाहेरूनही दिसत होती. ओट्यावर एक बाई न उघडलेल्या पेट्यांमध्ये बसून रडणाऱ्या पोराला थोपटत होती. डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले. त्यांनाही कोणीतरी उचलून इथं आणून ठेवलंय, त्यांच्यावर काय रागावू? तिनं तेलुगूत विचारलं, "एवरु कावालि?" कोण पाहिजे? मी तिच्याच भाषेत म्हटलं, कोणी नाही. परत येताना बस रिकामीच होती.

यूसुफमियाँ मेहुण्याकडं राहायला गेलेत. मेहुणा रोज ऐकवतो म्हणे. मला बाजारात भेटले, तर त्यांनीच विचारलं, "बस चली क्या?" चली, म्हटलं. "अच्छा हुआ," म्हणाले. मनापासून म्हणाले, ताई. तेच मला सहन होत नाही.

आज दुपारी नामदेवरावांनी बोलावून घेतलं. ते आता मुंबईच्या सभागृहात बसणार. पोत्यांत पुस्तकं भरत होते. मला बघून म्हणाले, "बस आली की नाही?"

"आली."

"दवाखाना?"

"उघडला."

"मग तोंड असं का? आपण बोललो नसतो तर आली असती का बस त्या माळावर?"

कदाचित ते बरोबर असतील.

ते म्हणाले, मुंबईला चल. या खेपेला पगार देतो, खरोखर देतो. पहिलं भाषण मराठवाड्यावर करायचंय, राज्य बदलल्यावर नोकरदारांचे झालेले हाल. मग सुतळी शोधता शोधता म्हणाले, "तू असं कर, वाटेत औरंगाबादला उतर. ते अबकारीवाले तिकडंच गेलेत ना? चार दिवस राहा. कसल्या खोल्या मिळाल्या, पाण्याचं काय, त्या बाईंची प्रकृती कशी आहे, नीट बसून ऐक. मुलगी हुशार आहे म्हणाला होतास. तिला विचार, ती सांगेल. गाडीभाडं माझ्याकडं."

ताई, तुझ्यापासून लपवत नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हो. लगेच आलं. भाडं त्यांचं, निमित्त त्यांचं, आणि तुझ्या गल्लीत मी. तू मुद्दाम काहीतरी आणायला बाहेर गेली असतीस. वासंती समोर बसली असती. आधी गप्प राहिली असती, मग बोलली असती. तिचा राग टिकत नाही, मला माहीत आहे. अंधाऱ्या स्वयंपाकघराचं सांगितलं असतं, आईचं सांगितलं असतं, एखाद्या वेळी रडलीही असती. आणि ती बोलत असतानाच माझ्या डोक्यात वाक्य जुळायला लागलं असतं. आत्ता नुसतं तुला लिहितानाही जुळतंय. ते मला थांबवता येत नाही.

मी म्हटलं, "मी नाही जाणार."

"बरं, पुढच्या आठवड्यात जा."

"तिकडं जाणारच नाही. मुंबईलाही येत नाही."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "भांडलास काय रे तिच्याशी?"

"नाही."

"मग करणार काय तू? कॉलेज सोडलेलं, बाप बोलत नाही. मीही चाललो."

"बघतो."

"बस जरा. डोकं थंड होऊ दे, चणे खा. तुझ्यासारखं लिहिणारा मला दुसरा मिळायचा नाही, हे मी तोंडावर सांगतोय. सोळा वर्षांत कोणाला सांगितलं नाही."

मला ते ऐकायला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची शिसारी आली. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. जिन्याकडं वळलो तसे मागून म्हणाले, "अरे गोविंदा, निदान ते बाजेचं तेवढं पुन्हा नीट उतरवून देऊन जा. माझ्याकडचा कागद फाटलाय."

मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.